संगीन कोणाची?

मराठीत 'संगीन' या शब्दाचे दोन अर्थ आहेत, आणि ग्वाल्हेरात राहणाऱ्या मराठी माणसाला ते दोन्ही पुरत नाहीत. त्याला तिसराही शिकावा लागतो. मूळ फारसी शब्दाचा अर्थ दगडी, भक्कम. या अर्थाने आपल्याकडील जुनी माणसे चांगल्या बांधकामास 'संगीन काम' म्हणत. दुसरा अर्थ बंदुकीच्या तोंडाशी बसवावयाचे पाते. तिसरा येथील कचेऱ्यांतला. हिंदीत गंभीर अपराधास 'संगीन जुर्म' म्हणतात, आणि वकिली करणाऱ्यांचा, म्हणजे आमचा, बहुतेक दिवस या तिसऱ्या अर्थाच्या सहवासात जातो. आज लिहावयाचे आहे ते दुसऱ्याविषयी. मधून मधून इतर दोघे डोकावतील, त्यास इलाज नाही.

शिंदे की छावनी हे लश्कर शहरातील एका वस्तीचे नाव. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला. तो तळ पुढे उठलाच नाही. तंबूंच्या जागी वाडे झाले, वाड्यांभोवती गल्ल्या झाल्या, आणि तळाचे शहर झाले. शहराने लश्कर हे नाव ठेवले, वस्तीने छावनी हे. अटलबिहारी वाजपेयी यांचे घर याच वस्तीत, कमलसिंहाच्या बागेत होते, म्हणून बाहेरच्या लोकांच्या कानांवर हे नाव आहे. सैन्य केव्हाच गेले. परंतु सैन्य गेले म्हणजे त्याच्या सगळ्या वस्तू जातात असे नाही. माळ्यावरच्या पेटीत, कोनाड्यात, क्वचित देवघरातही अजून एखादे पाते सापडते. आणि अशी पाती व त्यांची म्याने शोधून, विकत घेऊन, क्रमवार लावून ठेवणारे दोन-तीन गृहस्थ आमच्या परिचयाचे आहेत.

त्यांच्या कपाटासमोर उभे राहिले की मनात एक प्रश्न येतो, आणि तो सभ्यपणामुळे विचारला जात नाही. माणसाच्या देहात खुपसण्याखेरीज जिला दुसरे प्रयोजन नाही, अशी वस्तू हौसेने जमवावी, तिला तेलपाणी करावे, आणि खंडेनवमीस तिच्यावर हळदकुंकू वाहावे, हे कितपत योग्य? कोयत्याने नारळ सोलता येतो, कुऱ्हाडीने लाकूड फोडता येते. संगिनीचा असा बचाव करता येत नाही.

आधी वस्तू काय आहे ते थोडक्यात सांगू. फ्रान्सातील बेयोन गावावरून तिचे युरोपीय नाव पडले असे मानतात. सतराव्या शतकातील पहिल्या संगिनी बंदुकीच्या नळीतच बुचासारख्या ठोकून बसवीत. मग अर्थात गोळी झाडता येत नसे. १६८९ साली स्कॉटलंडमधील किलिक्रँकीच्या लढाईत राजाचे शिपाई ही बुचे बसवीत असतानाच डोंगरी लोक अंगावर कोसळले आणि फौज उधळली गेली. त्यानंतर नळीभोवती बसणाऱ्या पोकळ बुडाची संगीन सर्वत्र रूढ झाली. आता शिपाई गोळीही झाडू शकत होता आणि भालाईतही होऊ शकत होता. एका माणसात दोन माणसे बसली. लढाईच्या इतिहासात हा बदल लहान नव्हे.

आपल्याकडे हे हत्यार पलटणी-पलटणींनी आणले ते महादजी शिंद्यांनी. १७८४ मध्ये त्यांनी द बॉयनला चाकरीस ठेवले, आणि पुढील दहा वर्षांत कवायती पायदळाचे कंपू उभे राहिले. आग्र्यास सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली तोफा व बंदुका तयार होऊ लागल्या. १७९० मध्ये मेडत्यास राठोडांच्या घोडदळाचा प्रसिद्ध हल्ला याच पायदळाच्या चौकोनावर येऊन फुटला. गोमंतकातील वाचकांना येथे एका नावाची आठवण द्यावीशी वाटते. महादजींचे बक्षी जिवबादादा हे पेडणे महालातील केरीचे. १७९५ मध्ये खर्ड्याच्या रणात शिंद्यांची फौज त्यांच्या हाताखाली होती, आणि त्या फौजेत पेराँच्या कवायती पलटणी होत्या. केरीच्या समुद्रकाठचा माणूस, सॅव्हॉयच्या फ्रेंच बोलणाऱ्या सेनानीने शिकविलेले शिपाई, स्कॉटिश माणसाने घडविलेल्या बंदुका, आणि मालक साताऱ्याजवळच्या कण्हेरखेडच्या पाटलांचे घराणे. संगिनीला देश नाही असे म्हणतात ते असे.

पुढे १८०३ मध्ये असई, दिल्ली आणि लासवारी येथे हेच पायदळ इंग्रजांपुढे उभे राहून मोडले. २९ डिसेंबर १८४३ रोजी ग्वाल्हेरजवळ महाराजपूर आणि पनिहार येथे एकाच दिवशी दोन लढाया झाल्या, आणि ग्वाल्हेरच्या फौजेचे स्वतंत्र अस्तित्व संपले. महाराजपुरास गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत, जागीच कापले गेले. जिंकलेल्या तोफा इंग्रजांनी वितळविल्या आणि त्या धातूच्या षट्कोनी तारका करून आपल्या शिपायांच्या छातीवर लावल्या. हत्याराचा याहून कडू उपयोग आम्हांस ठाऊक नाही. त्या दिवशी दोन्ही बाजूंच्या बंदुकांवर जवळजवळ एकाच घाटाच्या तिधारी संगिनी होत्या. रणात पडलेली एखादी संगीन उचलून ती आपल्या माणसाची की शत्रूची, हे केवळ घाटावरून सांगणे कठीण होते. या गोष्टीकडे आम्हांस पुन्हा यावयाचे आहे.

महाभारताच्या विराटपर्वात शस्त्रसंग्रहाची एक विलक्षण कथा आहे. अज्ञातवासात जाताना पांडवांनी आपली शस्त्रे शमीच्या झाडावर बांधून ठेवली, आणि कोणी जवळ येऊ नये म्हणून तेथे एक प्रेत टांगले. दसऱ्याला आपण शमीची पूजा करतो त्यामागे ही स्मृती आहे. प्रेताचा भाग मात्र आपण सोयीने विसरलो आहोत. वर्षाच्या शेवटी बृहन्नडा राजपुत्र उत्तराला त्या झाडावर चढविते. गाठोडे सुटते, शस्त्रे झळकतात, आणि तो भ्यालेला मुलगा काय विचारतो? हे किती तीक्ष्ण आहे, याने किती मेले, याचे मोल काय, असे काही तो विचारीत नाही. एकेक धनुष्य, एकेक खड्ग पाहून तो विचारतो, हे कोणाचे? आणि म्यानांकडेही त्याचे लक्ष आहे. हे खड्ग वाघाच्या कातड्याच्या कोशात, ते गाईच्या कातड्याच्या कोशात, असे तो वेगवेगळे सांगतो. बृहन्नडा क्रमाने उत्तरे देते: व्याघ्रचर्माच्या कोशातील भीमसेनाचे, गोचर्माच्या कोशातील सहदेवाचे. शस्त्रांची इतकी जुनी आणि इतकी काटेकोर यादी आमच्या तरी वाचनात दुसरी नाही.

आपल्या परंपरेत शस्त्र नेहमी कोणाचे तरी असते. सप्तशतीत देवीच्या हातातील प्रत्येक आयुध कोणी दिले हे सांगितले आहे. शिवाने शूल, विष्णूने चक्र, काळाने खड्ग आणि ढाल. शिवछत्रपतींच्या तलवारीला नाव आहे. मालकाशिवाय आणि नावाशिवाय शस्त्र ही कल्पनाच आपल्याला परकी होती. म्हणून शस्त्राची पूजा ही वस्तुतः त्या हाताची आणि त्या हाताने पाळलेल्या मर्यादेची पूजा असे.

संगीन येथे वेगळी पडते. ती शिपायाची कधीच नव्हती. सरकारने दिली, कोतात परत घेतली, दुसऱ्या शिपायाला दिली. तिच्या मुठीवर नाव नसे. असलाच तर पलटणीचा संक्षेप आणि एक क्रमांक. तोच क्रमांक कधी म्यानाच्या तोंडावरील पत्र्यावर ठोकलेला असे, आणि जर्मन संगिनींत तर पाते व म्यान यांचे क्रमांक जुळलेच पाहिजेत अशी शिस्त होती. म्हणजे म्यानाला आपले पाते माहीत, पात्याला आपले म्यान माहीत. माणूस तेवढा कोणालाच माहीत नाही. उत्तराच्या प्रश्नाला उत्तर नसलेले हे पहिले हत्यार असावे. आणि आमच्या मते संग्राहकाचे पाप-पुण्य ठरते ते त्याने हत्यार ठेवले यावरून नव्हे, तर हा प्रश्न तो विचारतो की नाही, आणि उत्तर नसेल तेव्हा काय करतो, यावरून.

हिंसेचा आक्षेप आम्ही टाळीत नाही. पण त्यासंबंधी एक वस्तुस्थिती सांगितली पाहिजे. संगिनीने मेलेल्यांची संख्या तिच्या कीर्तीच्या मानाने फार थोडी आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात शल्यवैद्यांनी ज्या जखमांची नोंद केली त्यांत संगिनीच्या जखमा शेकडा एकही भरत नाहीत. बहुतेक वेळा संगिनी चढवून रांग पुढे सरकली की समोरची रांग पोहोचण्याआधीच पळे. तिचे मुख्य काम भय निर्माण करणे. यामुळे ती निर्दोष ठरते असे नाही. भयाने राज्य करणे हे मारून राज्य करण्याहून सौम्य आहे की अधिक वाईट, याचा निर्णय पारतंत्र्य पाहिलेल्या देशाला कोणी शिकवावयास नको. कवळ्याच्या शांतादुर्गेची कथा आपल्यापैकी अनेकांच्या घरची आहे; शिव आणि विष्णू यांच्या युद्धात मध्ये उभी राहून तिने दोघांनाही थांबविले. ती शांत आहे, पण दुर्गाच आहे. शस्त्र दृष्टिआड केले की हिंसा संपली, असे आपल्या देवळांनी कधी शिकविलेले नाही.

याच शहरात याचे एक उदाहरण आहे. गंगादासांच्या मोठ्या शाळेत, म्हणजे येथील जुन्या मठात, १८५८ च्या जूनमध्ये राणी लक्ष्मीबाईंच्या देहाचे रक्षण करताना ७४५ साधू पडले असे येथील परंपरा सांगते, आणि त्या साधूंची शस्त्रे मठात आजवर जपून ठेवली आहेत. ती पाहताना कोणाला संग्रहालय पाहिल्यासारखे वाटत नाही. एकेका तलवारीचा एकेक मालक सांगता येत नाही, पण ती कोणाची, कोणत्या दिवसाची, कोणत्या कामी आली, हे तेथला कोणीही सांगेल. उलट जयविलास राजवाड्यातील संग्रहालयात, जे १९६४ मध्ये लोकांना खुले झाले, शस्त्रे अधिक आहेत, अधिक मूल्यवान आहेत, आणि प्रेक्षक त्यांच्यासमोरून झुंबरांकडे वळतात. दोष संग्रहालयाचा नव्हे. चांदीची आगगाडी आणि साडेतीन टनांचे झुंबर यांच्याशी लोखंडाने स्पर्धा कशी करावी?

संग्राहकांच्या जातीतही भेद आहेत. काही जण फक्त किंमत जमवितात; त्यांच्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. काही जण कथा जमवितात, आणि हे अधिक धोक्याचे. जुन्या बाजारातला विक्रेता पात्याच्या मधली खाच दाखवून 'ही रक्तनाळ, रक्त वाहून जाण्यासाठी' असे सांगतो, आणि गिऱ्हाइकाच्या अंगावर शहारा येतो. शहाऱ्याचेच पैसे असतात. वास्तविक ती खाच पाते हलके व्हावे आणि तरी वाकू नये म्हणून असते. रक्ताशी तिचा संबंध नाही. मग मुठीवर नवा शिक्का ठोकणे, मिठाच्या पाण्याने नवे लोखंड जुने करणे, एका पात्याला दुसऱ्याचे म्यान चढवून 'जोडी' म्हणून विकणे, हे सर्व ओघाने येते. आमच्या व्यवसायात याला खोटा पुरावा तयार करणे म्हणतात.

आणि एक चूक भक्तीने होते. घरची माणसे दसऱ्याआधी संगीन राखेने, विटेच्या भुकटीने, आता पितांबरीने घासून लख्ख करतात. काळसर तांबूस छटा जाते, तिच्याबरोबर बारीक अक्षरेही जातात. पंढरपूर आणि कोल्हापूर येथील मूर्तींच्या वज्रलेपाचे वाद वाचकांच्या स्मरणात असतील. झीज थांबवावी, पण झिजलेले नवे करू नये, हा जो सूक्ष्म विवेक तेथे लागतो, तोच येथेही लागतो. मूर्तीची झीज ही भक्तांच्या हातांची साक्ष आहे. पात्यावरील डाग हीही साक्षच आहे, जरी ती कशाची हे सांगता आले नाही तरी.

आता एक प्रसंग सांगतो. नावे सांगण्याचे कारण नाही. काही वर्षांपूर्वी छावनीतील एका जुन्या मराठी घराचे वाटणीपत्र करण्याचे काम आमच्याकडे आले. तीन भाऊ आणि वृद्ध आई. जागा, दुकानाचे भाडे, चांदीची भांडी यांवर फारसे मतभेद झाले नाहीत. सगळे अडले ते देवघराच्या खालच्या फळीवर ठेवलेल्या एका संगिनीवर. घराण्यातील पूर्वजाने महाराजपूरच्या रणात ती गोऱ्या शिपायाच्या हातून हिसकावून घेतली अशी कथा चार पिढ्या चालत आली होती. हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे घरच्या देवांची वाटणी होत नाही. ते वडील भावाकडे राहतात किंवा पाळीने पुजले जातात. थोरले म्हणत, संगीन देवांबरोबर माझ्याकडे. मधले म्हणत, पाळी लावा. धाकटे म्हणत, ती देव नव्हे, जंगम मालमत्ता आहे, तेव्हा चिठ्ठ्या टाका. आम्ही एका संग्राहक स्नेह्यांना सोबत नेले. हेतू इतकाच की यादीत वस्तूचे वर्णन नीट लिहिले जावे.

त्यांनी म्यान उतरविले. पाते एकधारी, सतरा इंच लांब, लहान तलवारीसारखे. तेव्हाच त्यांना कळले असावे, कारण १८४३ च्या बंदुकांवरील संगीन अशी नसे. मऊ फडक्याने त्यांनी मुठीजवळचा भाग पुसला. मुकुट, राजाची आद्याक्षरे, १९०७ हा आकडा, त्याखाली महिना आणि १९१७ चे वर्ष, आणि विल्किन्सन हे कारखान्याचे नाव. १९०७ हे नमुन्याचे साल, १९१७ हे घडणीचे. पहिल्या महायुद्धात हा नमुना लाखांनी निघाला. बंगालमधील इशापूरच्या सरकारी कारखान्यातही तो तयार होई. स्नेह्यांनी काही न बोलता ती पुन्हा फळीवर ठेवली, आणि जिन्यात आम्हांला विचारले, "वकीलसाहेब, सांगायचे का?"

हा प्रश्न दिसतो त्याहून कठीण आहे. कोणी ती विकत नव्हते, तेव्हा फसवणूक नाही. कोणाचे नुकसान नाही. आईंचे वय ऐंशीच्या पुढचे, आणि या घरात सासरहून मिळालेली जी थोडी प्रतिष्ठा त्यांनी जपली तिचा एक खांब हे पाते. अप्रिय सत्य बोलू नये, असा मनूचा आधारही काढता येतो, आणि पुष्कळ लोक तो काढतात. परंतु त्याच ठिकाणी प्रिय असत्यही बोलू नये असे सांगितले आहे, आणि हा अर्धा भाग लोकांच्या तोंडी क्वचित असतो. गप्प राहणे हे जोवर केवळ गप्प राहणे असते तोवर चालते. येथे आम्हांला कागदावर 'महाराजपूरची संगीन' असे लिहून त्याखाली तिघांच्या सह्या घ्यावयाच्या होत्या. पुढच्या पिढीला तो कागदच पुरावा झाला असता. तीस वर्षांहून जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून पुढे आला की न्यायालय तो खरा धरून चालू शकते, असा साक्षीचा नियम आहे. १८७२ च्या कायद्यात तो होता, २०२४ मध्ये अमलात आलेल्या नव्या साक्ष्य अधिनियमातही तो आहे. कायद्याचा हा विश्वास जुन्या कागदांवर नसून जपणाऱ्यांच्या सचोटीवर आहे. देवघराहून योग्य ताबा कोणता? म्हणून देवघरात खोटे वर्णन ठेवणे बाजारात ठेवण्यापेक्षा वाईट.

तेव्हा सांगितले. थोरले रागावले. मधल्यांना लगेच आठवले की घराण्यातील एक चुलतपणजोबा राज्याच्या पलटणीत होते आणि समुद्रापलीकडे गेले होते. पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरच्या तिसऱ्या पायदळाची अर्धी पलटण पूर्व आफ्रिकेत टांगा येथे उतरली होती हे खरे आहे. "म्हणजे ही टांग्याची!" ते म्हणाले. स्नेही हळूच म्हणाले, "टांग्याची लढाई नोव्हेंबर १९१४ ची. हे पाते तेव्हा घडलेच नव्हते." एक खोटी कथा गेली की तिची जागा घ्यायला दुसरी दाराशीच उभी असते. त्या दिवशी आम्हांस आमच्या स्नेह्यांचा आदर वाटला तो पहिल्या नकारापेक्षा या दुसऱ्या नकारासाठी. पहिल्या वेळी पात्यावरचा आकडा त्यांच्या बाजूने होता. दुसऱ्या वेळी सारे घर आशेने त्यांच्याकडे पाहत होते.

आई इतका वेळ ऐकत होत्या. त्यांनी विचारले, "मग ही कोणाची?"

"ते तिच्यावर लिहिलेले नाही, काकू. क्रमांक आहे, नाव नाही."

"असेल कोणाची तरी," त्या म्हणाल्या. "सर्वपित्रीला ज्यांचे नाव ठाऊक नाही, ज्यांना मागे कोणी नाही, त्यांनाही आपण पाणी सोडतोच की."

आम्ही कायदा शिकलो, थोडेबहुत धर्मशास्त्रही वाचले. पण या वस्तूच्या पूजेचा इतका सरळ आधार आम्हांला सुचला नसता. पराक्रमी पूर्वजाचे पाते म्हणून पुजली जाणारी संगीन आता अनामिकाची म्हणून पुजली जाणार होती. तो अनामिक कोण? १९१७ नंतर केव्हातरी ती कमरेला लावून उभा राहिलेला कोणी शिपाई, किंवा तिच्या टोकापुढे उभा राहिलेला कोणी. दोघेही कदाचित आपलेच. संगिनीच्या बाबतीत हे दोघे वेगळे करता येत नाहीत. तर्पणात ते वेगळे करण्याची गरजही पडत नाही.

वाटणीपत्रात शेवटी असे लिहिले: '१९०७ च्या नमुन्याची, १९१७ साली घडविलेली एक संगीन, चामड्याच्या म्यानासह, देवघरातील वस्तू, तिघांकडे वर्षाच्या पाळीने.' धाकट्यांनी विचारले की देवघरातील वस्तूला परवाना लागतो काय. प्रश्न वेडगळ नव्हता. २०१६ च्या शस्त्र नियमांच्या अनुसूचीत तलवार, कट्यार, भाला यांच्या पंक्तीत संगिनीचे नाव स्वतंत्रपणे घातले आहे. कोणत्या प्रदेशात अशा शस्त्रांना परवाना लागावा हे सरकार १९५९ च्या कायद्याखाली अधिसूचनेने ठरविते. म्हणून ज्याच्या घरी असे पाते असेल त्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत एकदा चौकशी करावी हे बरे. शिवाय शंभर वर्षे पुरी झालेली आणि ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, आणि ती खाजगी रीतीने परदेशी पाठविता येत नाही. परगावी गेलेले नातेवाईक 'आठवण म्हणून' अशा वस्तू मागतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

म्यानाचे एक राहिले. संस्कृतात त्याला कोश म्हणतात, आणि तैत्तिरीयोपनिषदाच्या पाच कोशांतला शब्द तोच. आत जे आहे ते झाकणारे आणि जपणारे. लोखंडाच्या बाबतीत मात्र चामड्याचा कोश अखेर जपत नाही. चामडे हवेतील ओल धरते, कमावताना वापरलेली द्रव्ये त्यात मुरलेली असतात, आणि वर्षानुवर्षे बंद राहिलेले पाते आतल्या आत गंजते. म्हणून जाणते संग्राहक पाते आणि म्यान शेजारी ठेवतात, पण एकात एक नव्हे. त्या घरात ही सोय आधीच होती, वेगळ्या कारणाने: देवघरात चामडे चालत नाही. पखवाज चालतो, मृगाजिन चालते, पण म्यान चालत नाही. रूढीला कारणे विचारू नयेत. पाते फळीवर, आणि म्यान बाहेर खुंटीवर, छत्रीच्या शेजारी. आमच्या स्नेह्यांनी म्यानाच्या पत्र्यावरचा क्रमांक पात्याच्या मुठीवरील क्रमांकाशी ताडून पाहिला. जुळत होता. तेवढे त्यांनी आपल्या वहीत लिहून घेतले, पात्याला पातळ तेलाचा हात दिला, आणि पितांबरी लावू नका असे तिन्ही सुनांना बजावून सांगितले. पहिली पाळी धाकट्यांची आली आहे.